१६ जीबी बसवली, दिसते ८: लॅपटॉपची हरवलेली रॅम कशी शोधायची

लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम आहे, पण विंडोज ८ जीबीच दाखवते. किंवा रॅमची नवी पट्टी, म्हणजे स्टिक, बसवून घरी आणली, लॅपटॉप उघडून पाहिले, तर आकडा जुनाच. अशा वेळी बहुतेक जण लगेच विंडोज फॉरमॅट करायला घेतात, नाहीतर आणखी एक स्टिक विकत आणतात. दोन्ही कामे फार पुढची आहेत. आधी एकच गोष्ट शोधायची: रॅम विंडोज सुरू होण्याआधी हरवते की नंतर? बायॉसला, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपमधल्या प्रोग्रामला, पूर्ण रॅम दिसत असेल तर लॅपटॉपचे झाकण उघडायचे कारण नाही. बायॉसलाच कमी दिसत असेल तर विंडोज दहा वेळा नव्याने टाकूनही फरक पडणार नाही. हा निकाल लावायला पाच मिनिटे लागतात आणि खर्च शून्य. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढले आहेत, त्यामुळे ही पाच मिनिटे आता जास्तच मोलाची.

आधी एक गैरसमज दूर करू. १६ जीबीऐवजी १५.७ किंवा ८ ऐवजी ७.८ दिसत असेल तर काहीही बिघडलेले नाही. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी आणि बायॉससाठी थोडी रॅम राखून ठेवली जाते, तेवढीच ती वजाबाकी आहे. काळजी करायची ती आकडा अर्धा झाला, एक-दोन जीबीने उतरला किंवा तीनच्या आसपास अडकला तर.

आकडा येतो कुठून

रॅमच्या प्रत्येक स्टिकवर मेमरीच्या काळ्या चिप्सशेजारी एक अगदी छोटी चिप असते. तिला एसपीडी म्हणतात. तिच्यात त्या स्टिकची जन्मपत्रिका असते: क्षमता किती, वेग किती, कोणत्या वेळापत्रकाने चालायचे. पॉवर बटण दाबले की बायॉस आधी ही पत्रिका वाचतो. मग प्रत्येक स्टिकशी थोडी लिहा-वाचा करून संकेत नीट जातात-येतात का ते तपासतो. या तपासणीला ट्रेनिंग म्हणतात. त्यात पास झालेल्या रॅमचा नकाशा तयार होतो आणि तोच नकाशा विंडोजच्या हाती पडतो. विंडोज स्वतः स्लॉटमध्ये, म्हणजे स्टिक बसते त्या जागेत, डोकावून रॅम मोजत नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पत्रिका वाचली गेली, पण ट्रेनिंगमध्ये स्टिक नापास झाली, असेही होऊ शकते. तेव्हा टास्क मॅनेजर 'दोनपैकी दोन स्लॉट वापरात' असे सांगतो आणि त्याच पानावर ८ जीबी 'हार्डवेअर रिझर्व्ड', म्हणजे विंडोजला न मिळणारी, दिसते. लोक गोंधळतात ते इथेच, कारण स्टिक दिसतेही आणि मिळतही नाही. हा दोष विंडोजचा नाही. बहुतेक वेळा तो स्पर्शाचा असतो, म्हणजे स्टिक आणि स्लॉट एकमेकांना पूर्ण टेकलेले नसतात.

पहिली पाच मिनिटे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. एकूण आकडा, खाली स्पीड, वापरातले स्लॉट आणि हार्डवेअर रिझर्व्ड, हे चारही आकडे कागदावर लिहा किंवा मोबाइलने फोटो काढा. मग सेटिंग्जमधून सिस्टिम आणि तिथून अबाउट. तिथे 'इन्स्टॉल्ड रॅम'पुढे बसवलेली आणि वापरता येणारी, असे दोन आकडे असतात. त्याच पानावर सिस्टिम टाइपपुढे ६४-बिट आहे की ३२-बिट, तेही पाहून ठेवा.

आता लॅपटॉप बंद करा, पण शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर साध्या शट डाउनने विंडोज पूर्ण बंद होत नाही. सिस्टिमचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. पुन्हा सुरू करताना बायॉसची की टक-टक-टक दाबत राहा. डेल, एसर आणि असुसच्या बहुतेक लॅपटॉपांत एफ २, एचपीत एफ १०, थिंकपॅडमध्ये एफ १. लेनोव्होच्या आयडियापॅडमध्ये एफ २ चालते, नाहीतर कडेच्या बारीक छिद्रातले नोव्हो बटण पिनेने दाबावे लागते. मेन किंवा सिस्टिम इन्फर्मेशनच्या पानावर मेमरीचा आकडा असतो. काही बायॉस प्रत्येक स्लॉटचा वेगळा हिशेबही देतात.

काही स्वस्त लॅपटॉपांच्या बायॉसमध्ये हा आकडाच नसतो. तिथे मेमटेस्ट८६ प्लस हा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाकून लॅपटॉप त्यावरून सुरू करा. त्याला विंडोज लागत नाही, त्यामुळे तो दाखवेल तो आकडा विंडोजच्या प्रभावाबाहेरचा असतो.

बायॉसमध्ये काहीही बदलण्याआधी मात्र थांबा. विंडोज ११ मध्ये अनेकदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक कुलपात बंद, झालेली असते आणि मालकाला त्याची कल्पना नसते. बायॉस अपडेट केला किंवा सिक्युअर बूट बंद केले की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. आधी तिथे जाऊन ती कागदावर उतरवा. रॅम शोधता शोधता सगळा डेटा कुलूपबंद व्हायला नको.

बायॉसमध्ये पूर्ण, विंडोजमध्ये कमी

आकडा तीन ते साडेतीन जीबीवर अडकला असेल तर विंडोज ३२-बिट आहे. नवी मुंबईत घर सापडते ते सेक्टर आणि प्लॉट नंबरवरून. आता समजा, एका सेक्टरला ठरावीकच नंबर मिळाले. नंबर संपल्यावर बांधलेली इमारत जागेवर उभी असेल, पण तिच्या दारात पोस्टमन कधीच पोहोचणार नाही. ३२-बिट विंडोजकडे ४ जीबीपुरतेच नंबर असतात, आणि त्यातलेही काही ग्राफिक्स, नेटवर्क कार्ड वगैरे उपकरणांना द्यावे लागतात. म्हणून ८ जीबी बसवा की १६, हाती तीन-साडेतीनच लागते. यावर उपाय एकच, ६४-बिट विंडोज. ३२ वरून ६४ ला थेट अपग्रेड होत नाही, कोरी स्थापना करावी लागते, म्हणून आधी डेटाची प्रत काढा. अबाउटच्या पानावर 'एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' लिहिले असेल तर प्रोसेसर त्यासाठी तयार आहे. विंडोज ११ फक्त ६४-बिटच असते, त्यामुळे तिच्यावर ही शंका घ्यायला नको.

विंडोज ७ अजून चालवणाऱ्यांसाठी आणखी एक अडसर आहे. तिच्या ६४-बिट होम बेसिकची मर्यादा ८ जीबी आणि होम प्रीमियमची १६ जीबी. विंडोज १० आणि ११ च्या ६४-बिट होमची मर्यादा १२८ जीबी, म्हणजे घरगुती लॅपटॉपला ती आड येत नाही.

८ जीबीच्या लॅपटॉपमध्ये ५.९ जीबीच्या आसपास वापरता येत असेल आणि प्रोसेसर एएमडी रायझन असेल, तर २ जीबी ग्राफिक्सने घेतली आहे. या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, बायॉस मुख्य रॅममधूनच वाटा काढून देतो. काही बायॉसमध्ये अॅडव्हान्स्ड विभागात 'यूएमए फ्रेम बफर साइज' नावाची सेटिंग असते. ती ५१२ एमबीवर आणली की उरलेली रॅम परत मिळते. कार्यालयीन काम, ब्राउझर आणि व्हिडिओसाठी एवढी पुरते. गेम खेळणाऱ्यांनी मात्र ती आहे तशीच ठेवावी. पुष्कळ स्वस्त मॉडेलांत ही सेटिंग उघडी केलेलीच नसते. तिथे करण्यासारखे काही नाही.

तिसरी शक्यता माणसाने स्वतः ओढवलेली असते. रनमध्ये एमएसकॉन्फिग टाइप करून बूटच्या टॅबवर अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडा. तिथे 'मॅक्सिमम मेमरी' नावाचा चौकोन आहे. त्यावर टिक असेल तर काढा आणि रीस्टार्ट करा. हा चौकोन रॅम वाढवण्यासाठी नाही, मुद्दाम कमी करून चाचणी घेण्यासाठी आहे. तिथे १६३८४ लिहून टिक केली तरी नुकसानच होते. काही रॅमचे पत्ते उपकरणांसाठी जागा सोडून १६ जीबीच्या रेषेपलीकडे सरकवलेले असतात आणि ही टिक त्या रेषेवरच कात्री चालवते. हा चौकोन रिकामाच हवा.

रजिस्ट्रीत अमुक आकडा बदला, व्हर्च्युअल मेमरी वाढवा, असे सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे पेजफाइल, ही डिस्कवरची जागा आहे. ती पुसली किंवा वाढवली म्हणून स्लॉटमधली रॅम दिसू लागत नाही.

बायॉसमध्येच कमी: आता झाकण उघडायचे

उघडण्याआधी मॉडेलचे पूर्ण नाव घेऊन निर्मात्याच्या संकेतस्थळावर दोन गोष्टी पाहा: किती स्लॉट आहेत आणि जास्तीत जास्त किती रॅम चालते. हल्ली अनेक लॅपटॉपांत ४ किंवा ८ जीबी मदरबोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन पक्की जोडलेली, असते आणि सोबत एकच स्लॉट असतो. पातळ मॉडेलांत सगळीच सोल्डर केलेली असते. एलपीडीडीआर प्रकारची रॅम जवळपास नेहमी अशीच. सोल्डर केलेला भाग दिसेनासा झाला तर घरी दुरुस्ती नाही, वॉरंटी असेल तर थेट सर्व्हिस सेंटर.

मर्यादेचा प्रश्न प्रोसेसरपर्यंत जातो, कारण रॅम हाताळणारा भाग, म्हणजे मेमरी कंट्रोलर, आता प्रोसेसरच्या आतच असतो. इंटेल सेलेरॉन एन ४०२० ची अधिकृत मर्यादा ८ जीबी आहे. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपांत एका स्लॉटला ८ जीबीची डीडीआर ३ एल स्टिक चालते, १६ जीबीची नाही, कारण त्या कंट्रोलरला तेवढ्या दाट चिप्स ओळखता येत नाहीत. स्टिक उत्तम असते, लॅपटॉपही उत्तम असतो, जोडी मात्र जमत नाही.

रॅमची पिढी (डीडीआर ३, ४ की ५) चुकली तर स्टिक बसणारच नाही, खाच वेगळ्या ठिकाणी असते. लॅपटॉपच्या डीडीआर ३ ला २०४ पिना, डीडीआर ४ ला २६० आणि डीडीआर ५ ला २६२. फसगत होते ती डीडीआर ३ आणि डीडीआर ३ एल यांत. दोन्हींची खाच एकाच जागी, पण पहिली १.५ व्होल्टवर चालते, दुसरी १.३५ वर. कमी व्होल्टेजच्या लॅपटॉपमध्ये १.५ व्होल्टची स्टिक खटकन बसते आणि बायॉसला दिसत नाही. लेबलवर पीसी ३ एल लिहिलेले आहे का, तो 'एल' शोधा. वेगातला फरक मात्र सहसा रॅम गायब करत नाही: २६६६ सोबत ३२०० बसवली तर दोन्ही २६६६ ने चालतात.

आता प्रत्यक्ष काम. चार्जर काढा. तळाचे स्क्रू काढायला पीएच ० मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या. काही स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. कागदावर लॅपटॉपचा आयत काढून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी टेपने चिकटवा, कारण लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर तो वरच्या बाजूने तळहाताच्या जागेचे प्लास्टिक फोडून बाहेर येतो. झाकणाच्या क्लिप जुन्या प्लास्टिक कार्डाने सोडवा. आत सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. वायर ओढायच्या नाहीत, कनेक्टरच्या कडा धरून सरकवायचे. नंतर पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला विद्युतभार निघून जाईल. खिडकीच्या लोखंडी ग्रीलला किंवा नळाला हात लावून अंगातली स्थिर वीजही उतरवा.

रॅमवर कधीकधी पत्र्याचे झाकण असते, ते अलगद उचलले की निघते. दोन्ही बाजूंच्या धातूच्या क्लिप एकाच वेळी बाहेर ढकलल्या की स्टिक आपोआप तिरकी वर येते. तिच्या सोनेरी कडा डोळ्यांपुढे धरा. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही खाडीला लागून आहेत. जून ते सप्टेंबर हवेत ओल मुरलेली असते, आणि त्यात खाडीचा खारेपणा व रस्त्याकडेची धूळ मिसळते. या सगळ्याचा अगदी पातळ थर कडांवर बसतो. डोळ्याला तो नेहमी दिसेलच असे नाही, पण एका पिनेचा स्पर्श सुटला तरी ट्रेनिंग अडते. आणखी एक खास इथली अडचण: ऐरोली-महापे पट्ट्यातल्या गार एसी कार्यालयातून लॅपटॉप बाहेरच्या दमट हवेत आला की थंड धातूवर दव धरते. पावसाळ्यात घरी पोहोचल्याबरोबर लॅपटॉप सुरू न करता अर्धा तास बॅगेबाहेर ठेवला तर ते सुकून जाते.

सोनेरी कडा पांढऱ्या मऊ खोडरबराने एकाच दिशेने, हलक्या हाताने पुसा. शाईचे खरखरीत खोडरबर आणि सॅंडपेपर अजिबात नको, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. खोडरबराचा चुरा ब्रशने झाडा आणि कापडावर थोडे आयपीए घेऊन कडा पुसा. मोबाइल दुरुस्तीवाले जे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, तेच हे. हॅंड सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते. स्लॉटमध्ये टॉर्च मारून पाहा: एखादी पिन वाकलेली, काळवंडलेली किंवा धुळीने भरलेली आहे का? धूळ ब्लोअरने उडवा, तोंडाने फुंकर मारू नका. सगळे पूर्ण वाळू द्या.

बसवताना साधारण ३० अंशांच्या कोनात स्टिक आत सारा. सोनेरी कडेची फक्त बारीकशी रेघ बाहेर दिसली पाहिजे. मग खाली दाबा, दोन्ही क्लिप 'टक' असा आवाज करून बसतील. नव्या स्टिकच्या तक्रारींत सगळ्यात जास्त सापडणारी चूक इथेच होते: स्टिक पूर्ण आत न सारताच खाली दाबली जाते. क्लिप लागल्यासारख्या वाटतात आणि एका टोकाच्या पिना हवेत राहतात.

एक स्टिक, एक स्लॉट

साफ करूनही आकडा कमीच असेल तर आता अंदाज बंद आणि चाचणी सुरू. स्टिक अ आणि ब, स्लॉट १ आणि २. एका वेळी एकच स्टिक ठेवून चार जोड्या तपासा: अ स्लॉट १ मध्ये, अ स्लॉट २ मध्ये, मग ब तशीच. प्रत्येक वेळी बॅटरी काढून स्टिक बदला आणि बायॉसचा आकडा लिहा. अ दोन्हीकडे चालते, ब कुठेच नाही, म्हणजे ब स्टिक गेली. दोन्ही स्टिक स्लॉट १ मध्ये चालतात, २ मध्ये एकही नाही, म्हणजे स्लॉट किंवा त्याचा मार्ग गेला. प्रत्येक स्टिक एकेकटी दोन्हीकडे चालते, पण जोडीने नाही, तर त्या दोघींचे जमत नाही. अशा वेळी एकाच कंपनीच्या, एकाच पार्ट नंबरच्या दोन स्टिक घ्याव्यात, किंवा आधी बायॉस अपडेट करून पाहावा. अपडेट करताना चार्जर लावलेला हवा आणि बॅटरीही भरलेली, म्हणजे मध्येच वीज गेली तरी काम अर्धवट राहणार नाही.

या चाचणीत एक धीर लागतो. डीडीआर ५ च्या लॅपटॉपमध्ये रॅम बदलल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. ट्रेनिंग चालू असते. घाबरून पॉवर बटण दाबले की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. निदान दहा मिनिटे वाट पाहा. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत दिवाच निदान सांगतो: दोन पिवळ्या आणि तीन पांढऱ्या लुकलुकी म्हणजे रॅम सापडली नाही, दोन आणि चार म्हणजे रॅममध्ये बिघाड.

स्टिक दिसू लागली, पण लॅपटॉप मध्येच निळा पडदा देतो असे असेल तर मेमटेस्ट८६ प्लस रात्रभर चालवा. निदान एक पूर्ण फेरी तरी हवीच. एकही लाल ओळ आली तर ती स्टिक वापरायची नाही. अधूनमधून चुकणारी रॅम फायली गुपचूप खराब करते, म्हणून ती पूर्ण बंद पडलेल्या रॅमपेक्षा घातक.

स्लॉट गेला असे निघाले तर मदरबोर्ड बदलायचे कोटेशन लगेच मान्य करू नका. उरलेल्या चालू स्लॉटमध्ये मर्यादेत बसणारी एकच मोठी स्टिक टाकून काम भागते. दोन स्टिक समांतर चालण्याचा फायदा जातो आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा वेग उतरतो, पण लिखाण, टॅली, ऑनलाइन वर्ग यांत तो फरक जाणवत नाही. चिप-लेव्हल काम करणारा कारागीर स्लॉट बदलूनही देऊ शकतो. मात्र लॅपटॉप पडल्यानंतर किंवा पाणी गेल्यानंतर हा दोष आला असेल तर तडा प्रोसेसरखालच्या सोल्डरमध्येही असू शकतो, आणि मग नवा स्लॉट लावूनही रॅम दिसत नाही. हे कारागिराला आधीच सांगा, त्याचे निदान बदलते.

नवी स्टिक घ्यायची वेळ आली तर जुन्या स्टिकच्या लेबलचा स्पष्ट फोटो, लॅपटॉपचे पूर्ण मॉडेल नाव आणि चार जोड्यांच्या चाचणीचा कागद सोबत ठेवा. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रॅंट रोडला उतरायचे, लॅमिंग्टन रोडचा संगणक बाजार गाठायचा आणि तिथे पीसी ३ की पीसी ३ एल यावर अडायचे, म्हणजे अख्खा दिवस वाया. शक्य असेल तर लॅपटॉपच घेऊन जा, काउंटरवर स्टिक बसवायला सांगा आणि पैसे देण्याआधी बायॉसचा आकडा स्वतः पाहा. बिलावर स्टिकचा सीरियल नंबर लिहून घ्या. सुट्या पाकिटातल्या, खाडाखोड केलेल्या लेबलाच्या स्टिकला हात लावू नका. घरी आल्यावर सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रामच्या एसपीडी टॅबवर स्लॉट निवडून क्षमता आणि पार्ट नंबर लेबलशी ताडून पाहा. त्यातले काहीही लेबलशी जुळले नाही तर स्टिक दुसऱ्याच दिवशी परत करा.